दोन बहिणींचे दोन दिवे

आमच्या भागात कुठलीही जुनी वस्तू असो, ती निजामाच्या काळातलीच असते. अडकित्ता असो, पानाचा डबा असो, नाहीतर लाकडी कपाट. एकदा येरमाळ्याच्या एका गृहस्थांनी माझ्यासमोर टेबलपंखा ठेवला आणि हेच सांगितलं. पंख्याच्या बुडाला कंपनीचा कागद अर्धवट शिल्लक होता आणि त्यावरची हमीची मुदतसुद्धा वाचता येत होती. मी काही बोलले नाही. हे माझ्या नवऱ्याला सांगितलं तर तो हसेल, पण त्या दिवशी खरंच बोलले नाही, कारण ते गृहस्थ उन्हातून आले होते आणि पाणी पीत होते. त्यांचं पाणी पिऊन झाल्यावर बोलले.

मुरुमच्या बाजारात आमचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. नवरा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, मी गल्ल्यावर बसते आणि जुने दिवे बघते. दिवे बघणं हा आमच्या गावात धंदा होऊ शकत नाही, पण नाद होऊ शकतो. तो मला मामांमुळे लागला. मामांचं हैदराबादला झुंबरं, हंड्या आणि जुन्या दिव्यांचं दुकान होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा भावंडांना तिकडे धाडायचे. बाकीची पोरं चारमिनार बघायला पळायची, मी दुकानात चिंधी घेऊन लोलक पुसत बसायचे. मामा एकेक दिवा उलटा करून दाखवायचे. म्हणायचे, "पोरी, तोंड सगळेच रंगवतात. दिवा पायाकडून बघावा." पुढे मला बघायला पाहुणे आले तेव्हा नेमकं हेच वाक्य आठवून मला हसू फुटलं होतं आणि आईनं चिमटा काढला होता. आज आसपासच्या गावांत कुणाच्या माळ्यावर जुना दिवा निघाला की तो माझ्याकडे येतो. आमच्या स्वतःच्या दुकानाच्या पाटीवरचा दिवा मात्र पावसाळ्यापासून बंद आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

सगळ्या दिव्यांत माझी माया आहे ती दोन गोळ्यांच्या दिव्यावर. खाली सोनेरी नक्षीचे चार पाय, त्यांच्यावर काचेचा एक गोळा, मग पितळी गळपट्टा आणि त्याच्या वर दुसरा गोळा. दोन्ही गोळ्यांवर गुलाब. लोक त्याला नवाबी दिवा म्हणतात. त्याचा नवाबांशी संबंध इतकाच, की विकणाऱ्यानं तसं सांगितलेलं असतं. मूळचा तो विलायतेकडचा, व्हिक्टोरियन पद्धतीचा. तिकडच्या बैठकीच्या खोल्यांत असे दिवे रॉकेलवर जळायचे. खालच्या गोळ्यात तेलाची टाकी, गळ्याशी वात, आणि वरचा गोळा उजेड मऊ करायला. पुढे वीज आली आणि हे दिवे अडगळीत गेले. मग लोकांना त्यांची आठवण यायला लागली तेव्हा हुबेहूब तसे दिसणारे विजेचे दिवे निघाले. आपल्याकडेही कुणी मुरादाबादेत पाय ओतले, कुणी फिरोजाबादेत काच फुंकली. परदेशी धाडायच्या मालातलं उरलंसुरलं हैदराबादच्या दुकानांत आलं आणि तिथून लग्नकार्याच्या निमित्तानं आमच्या घरांत शिरलं.

खरा रॉकेलचा आणि नंतरचा विजेचा यांतला फरक ओळखायला फार अक्कल लागत नाही, फक्त दिवा उलटा करायची लाज वाटता कामा नये. रॉकेलच्या दिव्यातली टाकी उचलून बाहेर काढता येते, आणि कितीही धुवा, आत वास राहतोच. विजेच्या दिव्याला टाकीच नसते. खालच्या गोळ्यातून मधोमध लोखंडी नळी वर जाते आणि तिच्यातून वायर. दिवा लावला की नळीची सावली काचेवर पडते. वात वरखाली करायची चावी नकलेतही ठेवलेली असते, पण ती फिरवली की टक् असा आवाज येतो, कारण ते बटण असतं. एकदा फिरवलं की खालचा गोळा लागतो, पुन्हा फिरवलं की वरचा, मग दोन्ही. आणि गुलाब बघावेत. हातानं काढलेल्या गुलाबात एखादी पाकळी घाईत उरकलेली असते, माणूस जेवायला उठला असावा असं वाटतं. छापून चिकटवलेले गुलाब सगळे एकसारखे, आणि भिंगाखाली धरले की बारीक बारीक ठिपके दिसतात.

किमतीचं म्हणाल तर नकलेला किंमत नसते हा लोकांचा गैरसमज आहे. दोन्ही गोळे मूळचेच हवेत. वरचा फुटला म्हणून दुसऱ्याच दिव्याचा आणून बसवला असेल तर त्याला मी बिजवर म्हणते आणि नवरा माझ्याकडे डोळे वटारतो. काचेची कड उडालेली नको, सोनेरी मुलामा जिथल्या तिथं हवा, आणि दिवा लागायला हवा. एवढं जमलं तर पुण्याकडचे हॉटेलवाले एक चांगला मिक्सर येईल इतके पैसे हसत देतात. मिक्सर म्हटलं की समोरच्या बाईला भाव लगेच कळतो. अस्सल रॉकेलच्या दिव्याची गोष्ट वेगळी, पण तसा मी या भागात एकदाच पाहिला, आणि मी तो विकत मागेन या भीतीनं त्याच्या मालकिणीनं मला चहासुद्धा उभ्यानंच दिला.

तर गेल्या थंडीत एकदा दुपारी अणदूरहून एक बाई दुकानात आल्या. साठी ओलांडलेल्या, डोक्यावरून पांढरी ओढणी, आणि हातात गोधडीत गुंडाळलेलं गाठोडं. फाट्यावर गाडी बदलून आल्या होत्या आणि सगळ्या वाटेत त्यांनी ते मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. मुस्लिम घरातल्या वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे खाला म्हणायची पद्धत आहे, तसं मी म्हटलं, "बसा खाला, आधी पाणी घ्या."

"पाणी मागनं," त्या म्हणाल्या. "आधी ह्ये बघा अन् खरं सांगा. माझं मन राखायला कायबी सांगू नका."

त्यांनी गोधडी सोडली आणि मी गल्ल्यावरून उठून उभीच राहिले. दोन गोळ्यांचा दिवा होता. इतका नवा, की कालच दुकानातून आणलाय असं वाटावं. मुलामा शाबूत, गुलाबांचा रंग ताजा, काचेवर ओरखडा नाही. वायरीचं वेटोळं कारखान्यात बांधलेल्या दोऱ्यानंच अजून बांधलेलं होतं. असा दिवा हाती आला की मला भान राहत नाही. मी चटई अंथरली, दिवा आडवा केला, तळ पाहिला, चावी फिरवली, भिंग लावलं. आणि आनंदाच्या भरात म्हटलं, "खाला, नक्कल आहे. पण इतकी उत्तम नक्कल मी आजवर पाहिली नाही!"

पहिल्या वाक्यानंतरचं त्यांनी काही ऐकलंच नाही. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "बास," असं म्हणून त्या खाली वाकल्या आणि दिवा पुन्हा गोधडीत गुंडाळायला लागल्या. डोळ्यांतलं पाणी गोधडीवर पडत होतं, गाठ बसेना. विकायला आणलेल्या वस्तूसाठी माणूस असं रडत नाही एवढं मला कळलं. मी त्यांच्या हातातून गाठोडं काढून घेतलं आणि समोरच्या टपरीवाल्याला हाक मारून दोन चहा सांगितले. चहा आला, निवला, त्यावर साय धरली, तेव्हा कुठे त्या बोलायला लागल्या.

त्या दोघी बहिणी. थोरलीला सगळे आपा म्हणायचे, म्हणून धाकटीही आपाच म्हणायची. वडील उमरग्याच्या तहसील कचेरीत कारकून. आपाचं लग्न इथं मुरुममध्ये झालं तेव्हा वडिलांनी तिला जहेजात हैदराबादहून आणलेला गुलाबाचा दिवा दिला. सगळ्या गावानं तो पाहिला, सगळ्यांनी वाखाणला. काही वर्षांनी धाकटीचं लग्न ठरलं अणदूरला. तिच्या मनात एकच होतं, मलाही तसाच दिवा मिळू दे. आणि मिळाला. वडिलांनी भर मांडवात पेटी उघडली आणि मोठ्या आवाजात सगळ्यांना सांगितलं, "थोरलीला असल दिला, धाकटीला त्याची नक्कल देतोय!"

"हसत सांगितलं हो," खाला म्हणाल्या. "लई खुशीत सांगितलं. म्हणून तर जास्त लागलं. माझी सासू तिथंच होती. तिनं त्यो शब्द उचलला. कायबी चुकलं की म्हणायची, असल सून थोरल्या घरी गेली, आमच्याकडं नक्कल आली. मी दिवा पेटीतनं काढलाच न्हाय. एकदाबी लावला न्हाय."

"आपांना कधी सांगितलंत?"

"काय सांगायचं? तुझा खरा न् माझा खोटा म्हणून? तिच्या घरी जायची ईदेला, पण दिव्याच्या खोलीत बसायची न्हाय. सैपाकघरातनंच माघारी."

मग त्या मूळ गोष्टीवर आल्या. आपाचे पती मागेच वारले होते. मुलगा पुण्याला नोकरीला, तो आईला कायमची घेऊन चालला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी यायची होती. आपानं निरोप धाडला होता, जायच्या आधी एकदा भेटून जा. खालांनी मनाशी ठरवलं होतं, आधी दिवा दाखवायचा. असल निघाला तर बहिणीला भेटायला जायचं. नक्कल निघाला तर दुकानातूनच परत अणदूरची गाडी धरायची.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "एका दिव्यापायी सख्ख्या बहिणीचं तोंड बघणार नाही?"

"दिव्यापायी न्हाय, बाई," त्या म्हणाल्या. "अब्बांनी मला कमी का दिलं, त्यापायी. आता विचारायला अब्बा न्हाईत."

यावर मला दुकानदाराचंच उत्तर सुचलं. मी त्यांना समजावलं, की मी नक्कल म्हटलं ते विलायतेच्या जुन्या रॉकेलच्या दिव्याची. आपाच्या दिव्याची नक्कल आहे असं मी म्हटलेलंच नाही, कारण आपाचा दिवा मी पाहिलेलाच नाही. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय निकाल द्यायला मी काही पंच नव्हे. त्या नाही नाही म्हणत राहिल्या. मी गाठोडं उचललं आणि रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. दिवा माझ्याकडे म्हटल्यावर त्यांना यावंच लागलं. मागून नवरा एका मोटारीत हात घालून ओरडत होता, गल्ल्यावर कोण बसणार म्हणून. मी म्हटलं, मोटारीला बसवा.

आपांचं घर मशिदीच्या मागच्या गल्लीत. दार उघडंच होतं. आत खोकीच खोकी, भांड्यांची पोती शिवून ठेवलेली, भिंतीवर फोटो काढल्याचे पांढरे चौकोन. आपा उंच, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी बहिणीला पाहिलं आणि काही बोलायच्या आत त्यांची नजर माझ्यावर गेली. गावात मला दिवेवाली म्हणून ओळखतात.

"दिवा विकायचा न्हाय मला," त्या मला म्हणाल्या. "कुणी सांगितलं तुमाला?"

सगळं सामान बांधून झालं होतं, फक्त दिवा तेवढा खिडकीत होता. तो त्या मांडीवर घेऊन जाणार होत्या. मी सांगितलं, विकत घ्यायला आले नाही, बघायला आले, आणि खालांच्या गाठोड्याची गाठ सोडली. आपांचा दिवा आणून त्याच्या शेजारी ठेवला.

मला दिवे बघता येतात, पण त्या दोघींकडे बघणं अवघड जात होतं. एक भिंतीला टेकून उभी, दुसरी खोक्यावर हात ठेवून. आपांचा दिवा थकलेला होता. रोज पुसून पुसून पायांचा मुलामा गेलेला, बल्बच्या उष्णतेनं वरच्या गोळ्यातले गुलाब फिकटलेले, वायर दोनतीनदा बदललेली. मी दोन्ही आडवे केले. तळ सारखा, वायरीचं भोक सारखं, नळी सारखी. भिंगाखाली ठिपके सारखे. मग पायांवरच्या वेलपत्तीतून बोट फिरवताना मला आपांच्या दिव्याच्या एका पानाच्या टोकाशी बारीक खड्डा लागला, तांदळाच्या कणीएवढा. साच्याला कुठंतरी टवका गेला की असं होतं. मी खालांच्या दिव्याच्या त्याच पायावरचं तेच पान चाचपलं. तिथंही खड्डा होता, त्याच जागी, तेवढाच.

मी दोघींची बोटं धरून त्या खड्ड्यांवर ठेवली. "एकाच साच्यातून निघालेत," मी म्हटलं. "एका आईचे दोन. आपा, तुमचाही विजेचाच, नक्कलच आहे. अस्सल तुम्हा दोघींकडेही नाही."

मला वाटलं होतं आपांना वाईट वाटेल. त्या खो खो हसल्या. "असल? आमचे अब्बा काय नवाब व्हते व्हय?"

पण खाला हसल्या नाहीत. "मग भर मांडवात माझ्याच दिव्याला नक्कल का म्हणले?"

"म्हणले असतील. मग?" आपा म्हणाल्या, आणि त्यांनी बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालं गं?"

मग सगळं बाहेर पडलं, सासूचं बोलणं, पेटीत ठेवलेला दिवा, सैपाकघरातून परतणं. त्या दोघी आपसात दखनी बोलत आणि माझ्याशी मराठी. त्या दिवशी दोन्हीची खिचडी झाली होती, म्हणून मी आपलं मराठीतच सांगते. आपा ऐकता ऐकता खाली खोक्यावर बसल्या.

"अगं येडे," त्या म्हणाल्या, "अब्बा कचेरीत काय काम करायचे ठाऊक हाय का तुला?"

"कारकून व्हते."

"नकलेचे कारकून व्हते. जुनी उर्दूतली कागदं उतरवून लोकांना नक्कल द्यायचे. जन्मभर तेच केलं."

हे ऐकलं आणि मीच कपाळाला हात लावला. आमच्याकडे जमिनीच्या कामासाठी कचेरीत न गेलेला माणूस नाही. कागदाची असल प्रत दफ्तरात कापडात बांधलेली असते, ती कुणाच्या हाताला लागत नाही. माणसाला मिळते ती नक्कल. तिच्यावर तो कोर्टात उभा राहतो, वाटण्या करतो, ती ट्रंकेत साडीच्या घडीखाली जपून ठेवतो. तिच्यावर शिक्काच असतो, 'खरी नक्कल' म्हणून. बाजारात आम्ही नक्कल म्हणतो तेव्हा नाक मुरडतो. कचेरीतला माणूस तोच शब्द म्हणतो तेव्हा खाली सही करून जबाबदारी घेतो. मांडवातली माणसं बाजारातली होती आणि बोलणारा कचेरीतला होता.

"तू लहान व्हतीस," आपा सांगत होत्या. "मला धडा उतरवायला लावायचे अब्बा, अन् कचेरीसारखी रुजवात घ्यायचे. रुजवात म्हणजे ताळा बघणं. मी माझं वाचायचं, त्यांनी पुस्तकावर बोट ठेवून बघायचं. एक काना चुकला तरी पान फाडायचे. सगळं जुळलं की खाली लिहायचे, खरी नक्कल, अन् सही ठोकायचे. लई मोठा मान व्हता त्यो. मला कितीदा मिळाला असंल? बोटावर मोजण्याइतका."

मग त्यांनी खिडकीकडे हात केला. "तुझा दिवा हैद्राबादहून आणला, त्यो आधी इथं आणला अब्बांनी. ह्या खिडकीत माझ्या दिव्याशेजारी ठेवला. मला म्हणले, चल, रुजवात घे. मी माझ्या दिव्याचं बोलायचं, ते तुझ्या दिव्यावर बोट ठेवायचे. मी म्हणायची, पाय चार. ते म्हणायचे, चार. मी म्हणायची, खालच्या गोळ्याला कळी डाव्या अंगाला. ते म्हणायचे, डाव्या अंगाला. चहा गार झाला, तुझे दाजी जेवायला थांबले, पण सगळा दिवा मोजून झाल्याशिवाय अब्बा उठले न्हाईत. उठताना म्हणले, आता कुणी म्हणायचं न्हाय मी दोघीत फरक केला."

खाला भिंतीला टेकूनच खाली बसल्या. दोन्ही हातांनी ओढणी तोंडावर धरली आणि आतून म्हणाल्या, "म्हणजे मला कमी न्हवतं दिलं."

"कमी?" आपांचा आवाज एकदम चढला. इतका वेळ समजावणारी बाई आता भांडायला उठली होती. "तुला कमी? माझा दिवा कसा घेतला ठाऊक हाय? माझ्या बांगड्या आणायला गेले व्हते. स्टँडवर उतरले, समोरच्याच दुकानात दिसला, म्हणून घेतला. गाडी सुटायच्या आत झालं सगळं. अन् तुझ्यासाठी? तसाच पायजे, दुसरा चालायचा न्हाय, म्हणून किती खेपा केल्या! रजा टाकून जायचे. रिकाम्या हातानं यायचे अन् इथं माझ्या ओट्यावर पाय चोळत बसायचे. मी पाणी द्यायची अन् मनात म्हणायची, माझ्यासाठी दिसलं ते उचललं, न् धाकटीसाठी मात्र सगळं हैद्राबाद पालथं घालतोय ह्यो माणूस."

एवढं बोलून त्या एका खोक्याची दोरी उगाच आवळायला लागल्या. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. मला दिव्यांशी खेळत बसल्याचं नाटक करता आलं असतं, पण माझे डोळे भरून आले होते आणि मला भिंगातून काहीही दिसत नव्हतं.

"तू कधी बोलली न्हाईस, आपा," खाला म्हणाल्या.

"तू तरी कुठं बोललीस? तुझा दिवा कधी दिसायचा न्हाय. मला वाटायचं, लई जपून ठेवलाय. ठेवणारच. एवढा शोधून आणलेला." आणि मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "लाव बघू. मला बघू दे तरी कसा दिसतो त्यो."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी वायरीचं वेटोळं उलगडलं. पहिल्याच वळणावर वरचं रबर पापडासारखं मोडलं आणि आतली तार उघडी पडली. इतकी वर्षं नुसती पडून राहिलेली वायर अशीच होते, वापरातली निदान बदलली तरी जाते. मी सांगितलं, ही आत्ता लावता येणार नाही, झटका बसेल. सगळी वायर बदलावी लागेल, होल्डरही तपासावे लागतील. दुकानात नेते आणि उद्या दुपारपर्यंत करून देते, फुकट.

"उद्या दुपारी मी कुठं असणार?" आपा म्हणाल्या. "सकाळीच गाडी येतीया."

खाला दिवा गोधडीत गुंडाळत होत्या. या वेळी गाठ लगेच बसली. ती ओढून पक्की केली, आणि मान वर न करताच म्हणाल्या, "मग परवा जा."

आपांनी खोक्यांच्या मागे हात घालून मोबाइल शोधून काढला, लांब धरून मुलाचा नंबर लावला आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बेटा, गाडी उद्या नको. परवा पाठव." तिकडून तो काहीतरी विचारत होता, काळजीच्या सुरात, एकामागून एक. "न्हाय रे," त्या म्हणाल्या, "कुणी आजारी न्हाय. माझी बहीण आलीया."